प्रश्नानंतरचे तीन सेकंद



गेल्या महिन्यात या सदरातून शाळेच्या वार्षिक तपासणीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका पत्राचा तपासणीशी काहीच संबंध नव्हता. पत्र लिहिणाऱ्या भगिनी माध्यमिक शाळेत 15 वर्षे शिकवीत आहेत. वय 43, दोन मुले शिकती, घरी वृद्ध सासरे. शिक्षणशास्त्रात एम.ए. करावे असे त्यांच्या मनात बरेच दिवस आहे. पण "या वयात शिकून मी आता आणखी काय होणार?" असे त्यांना घरातही विचारले जाते आणि त्या स्वतःलाही विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी माझा अनुभव विचारला आहे. उत्तर खासगी पत्रातून देता आले असते. परंतु हाच प्रश्न मनात धरून बसलेल्या आणखी काही शिक्षिका या अंकाच्या वाचक असतील, अशी माझी समजूत आहे. म्हणून ते येथेच देते. ते सर्वस्वी माझ्या बाजूचे आहे असे मात्र नाही.

मी 2022 साली दूरशिक्षण पद्धतीने एम.ए. शिक्षणशास्त्राला प्रवेश घेतला. तेव्हा माझी नोकरी 19 वर्षांची झाली होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकविते. प्रवेशानंतरच्या पहिल्याच स्वाध्यायात एक प्रश्न होता : आपली व्यावसायिक उद्दिष्टे सुमारे 500 शब्दांत लिहा. तो कागद मी जपून ठेवला आहे आणि हा लेख लिहिताना समोर घेऊन बसले आहे. त्यात ज्ञानवृद्धी, गुणवत्ता, नवोपक्रम असे शब्द जागोजागी आहेत. ते सर्व बाजूला सारले तर तळाशी दोनच गोष्टी उरतात. पदव्युत्तर पदवी निवडश्रेणीच्या वेळी उपयोगी पडेल. आणि पुढे केंद्रप्रमुख होता येईल.

यात लाजण्यासारखे काही आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. पगार वाढावा, पद मिळावे ही इच्छा शिक्षकाने करू नये असा एक दांभिक आग्रह आपल्या समाजात आहे. तो मला मान्य नाही. परंतु आमच्या खात्यातील शिडीचा एक चमत्कारिक गुण आहे. उपशिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, मग दहाबारा शाळांचे केंद्र सांभाळणारा केंद्रप्रमुख, त्यावर विस्तार अधिकारी; या शिडीची जवळजवळ प्रत्येक पायरी माणसाला फळ्यापासून थोडे दूर नेते. चांगला शिक्षक म्हणून ज्याची निवड व्हावी, त्याला बक्षीस म्हणून शिकविणे थांबवावयास सांगितले जाते. माझ्या 500 शब्दांच्या उद्दिष्टांत एकाही विद्यार्थ्याचा उल्लेख नव्हता, हे माझ्या लक्षात येण्यास वर्ष जावे लागले.

पहिले वर्ष दमछाक करण्यातच गेले. रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघरातील ओट्याशेजारी पुस्तक उघडावयाचे आणि दुसऱ्या पानावर डोळे मिटावयाचे, असा क्रम होता. डी.एड.च्या वेळी पाठ केलेली नावे पुन्हा भेटली. ब्लूम यांचे 1956 चे उद्दिष्टांचे वर्गीकरण, पियाजे यांच्या अवस्था, व्हायगॉट्स्की यांचे समीप विकासाचे क्षेत्र. विशीत ही नावे परीक्षेसाठी वाचली होती. 19 वर्षे वर्गात काढल्यावर तीच वाचताना प्रत्येक परिच्छेदाखाली कोणा ना कोणा मुलाचा चेहरा दिसू लागला, एवढा फरक निश्चित होता. पण त्यामुळे माझ्या शिकविण्यात काही बदल झाला, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. वाचन एका खोलीत आणि वर्ग दुसऱ्या खोलीत, असेच चालले होते.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी विषय द्यावयाचा होता. मी विषय दिला : सातवीच्या विद्यार्थ्यांमधील गणितविषयक अनास्थेच्या कारणांचा अभ्यास. सोबत संभाव्य कारणांची यादी जोडली. पालकांचे अल्प शिक्षण, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, भ्रमणध्वनीचा अतिवापर, पायाभूत क्रियांचा कच्चेपणा, अनियमित उपस्थिती, अशी बारा कारणे होती. मार्गदर्शक सरांनी रविवारच्या संपर्कसत्रात ती यादी सावकाश वाचली आणि पेन्सिलीने खाली एक ओळ लिहून कागद परत केला. ओळ अशी होती : "बारा कारणे दिली आहेत, त्यांत शिक्षक कोठे आहे?"

मला राग आला, हे मान्य करते. परतीच्या एस.टी.त दोन तास मी मनातल्या मनात सरांना उत्तरे देत होते. यांनी कधी 38 मुलांचा वर्ग सांभाळला आहे का, आमच्याकडून जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी करवून घेतल्या जातात हे यांना ठाऊक आहे का, वगैरे. त्या सर्व तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर या सदरात पुन्हा केव्हातरी लिहीन. पण त्या तक्रारी सरांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हत्या, हे जतपर्यंत येता येता मला कळून चुकले होते.

पुढील सत्रात सरांनी कृतिसंशोधनाचा मार्ग सुचविला. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण घ्यावयाची, स्वतःच एखादा बदल करून पाहावयाचा, नोंदी ठेवावयाच्या आणि पुन्हा विचार करावयाचा, अशी ही पद्धत आहे. स्टीफन कोरी यांनी 1953 च्या आपल्या पुस्तकातून ती शिक्षकांपर्यंत नेली. आपल्याकडे प्रशिक्षणाच्या फायलींत तिचे अहवाल ढिगाने सापडतात. त्यांतील बरेचसे मार्चअखेरीस एका बैठकीत लिहिलेले असतात. मीही तसे दोन लिहिले आहेत. या वेळी मात्र सरांनी एक अट घातली. कोणताही बदल करण्यापूर्वी माझेच आठ तास ध्वनिमुद्रित करावयाचे आणि ऐकून शब्दशः लिहून काढावयाचे.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची संमती घेऊन मी माझा फोन वर्गातील खिडकीत ठेवू लागले. पहिले दोन दिवस मी फोनसाठी शिकविले. तिसऱ्या दिवसापासून फोनचा विसर पडला. स्वतःचा आवाज ऐकणे किती क्लेशदायक असते, हे ज्याने ऐकले आहे त्यालाच समजेल. मी स्वतःला शांत, समजूतदार शिक्षिका समजत होते. फोनमधील बाई सतत घाईत होती. "समजले ना?" असे ती दर दोन वाक्यांनंतर विचारीत होती आणि "हो" या सामुदायिक उत्तरावर समाधान मानून पुढे जात होती. प्रश्न विचारीत होती आणि बहुतेक वेळा स्वतःच उत्तर देत होती.

त्याच सुमारास वाचनात मेरी बड रो यांचे काम आले. या अमेरिकन विदुषींनी विज्ञानाच्या तासांचे असंख्य ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षकाने प्रश्न विचारल्यापासून पुढे बोलेपर्यंत किती वेळ जातो हे मोजले. 1974 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबतात. मुलाने उत्तर दिल्यानंतरही तो पुढे काही बोलेल याची वाट न पाहता लगेच स्वतः बोलू लागतात. हा प्रतीक्षाकाल तीन सेकंदांपर्यंत किंवा अधिक वाढविला, तर उत्तरे लांब होतात, गप्प राहणारी मुले बोलू लागतात, मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. आणि त्यांचा आणखी एक निष्कर्ष होता, तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी अधिक वेळ थांबतात. ज्यांना कच्चे समजतात त्यांना कमी वेळ देतात. म्हणजे ज्याला वेळेची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला तो कमी येतो.

मी फोनमधील घड्याळ लावून माझे तास पुन्हा ऐकावयास बसले. आता ज्या तासाविषयी सांगणार आहे तो अपूर्णांकांचा होता. गणित सोपे होते : पावणेदोन लिटर दुधापैकी सव्वा लिटर वापरले, तर किती उरले? मी तिसऱ्या बाकावरील एका मुलीचे नाव घेतले. सेकंदभरही झाला नाही तोच ध्वनिमुद्रणात माझा आवाज येतो, "बस खाली." मग मी दुसऱ्या एका मुलाचे नाव घेते. तो वर्गातील हुशार मुलगा. त्याच्यासाठी मी दोन सेकंदांहून अधिक थांबले आहे; मध्ये "विचार कर, येईल तुला" असेही म्हणाले आहे. तो म्हणतो, "अर्धा लिटर." मी म्हणते, "शाब्बास." एवढे सर्व मला आठवत होते. जे आठवत नव्हते, कारण मी ते ऐकलेच नव्हते, ते असे : फोन खिडकीत होता आणि तिसरा बाक खिडकीलगत होता. "बस खाली" नंतर, हुशार मुलगा विचार करीत असतानाच, एक बारीक आवाज ऐकू येतो. "ओंदू मुक्काल... ओंदू काल..." आणि मग, त्या मुलाच्या उत्तराआधी निमिषभर, "अर्धा."

ती मुलगी कानडी घरातली होती. ती मनातल्या मनात माझे मराठी गणित कानडीत नेत होती, तेथे सोडवीत होती आणि उत्तर घेऊन परत येत होती. या जाण्यायेण्याला दोन सेकंद लागत होते. मी तिला एक देत होते.

येथे थोडे थांबून पावणेदोन या शब्दाकडे पाहावे असे वाटते, कारण आपण तो जन्मापासून वापरतो आणि त्याची अवघड जागा आपल्याला दिसत नाही. मराठीत आपण दोनाकडे जातो आणि तेथून पाव मागे येतो. ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याच्या कानावर प्रथम "दोन" पडतो. कानडीत तीच संख्या ओंदू मुक्कालु, म्हणजे एक आणि पाऊण. एकावरून पुढे जाणारी. दीड आणि अडीच या शब्दांत तर कोणता आकडा दडला आहे याचा मागमूस लागत नाही. कानडीत दीडला ओंदूवरे म्हणतात, एक आणि अर्धा. अडीचला एरडूवरे, दोन आणि अर्धा. एकोणतीस घ्या. आपण तिसातून एक वजा करतो. कानडी माणूस इप्पत्तोंबत्तु म्हणतो, वीस आणि नऊ. छप्पन्नमध्ये आपण आधी सहाचा उच्चार करतो, ते आधी पन्नासाचा. यात एक भाषा श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा प्रश्न नाही. माझ्या वर्गातील त्या मुलीला मात्र प्रत्येक संख्येपाशी वळून उभे राहावे लागत होते, आणि ती वळेपर्यंत मी निघून गेलेली असे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरांच्या संख्या वीस-एक, वीस-दोन अशा रीतीने वाचण्याचा पर्याय दिला गेला, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टेला ऊत आला होता. आमच्या शिक्षककक्षातही आला होता आणि त्यात माझा आवाज मोठा होता. दक्षिणेकडील भाषांत संख्या अशाच वाचल्या जातात आणि मुलांना ते सोपे जाते, असे त्या बदलाच्या बाजूने सांगितले जात होते. तो बदल योग्य होता की नव्हता याविषयी आजही माझे मत पक्के नाही. पण त्या वेळी मी हसले ते विचार करून नव्हे, एवढे खरे.

आणि माझे हे अज्ञान क्षम्य म्हणण्याची सोय नाही. आमच्या भागातील अनेक जैन घरांप्रमाणे माझ्या माहेरीही दोन भाषा नांदत होत्या. माझी अज्जी ज्वारी मापताना पहिल्या मापाला "लाभ" म्हणे आणि मग एरडु, मूरु, नाल्कु असे पुढे मोजीत जाई. मी तिच्याजवळ बसून ते ऐकत असे. मराठी शाळेत गेल्यावर पहिलीत मला एकोणचाळीस लिहिता येत नसे म्हणून अंगठे धरून उभे केले होते, हेही मला आठवते. पुढे ती कानडी माझ्या तोंडून गेली. आज समजते, बोलताना अडखळते. जी मुलगी माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसली होती, ती एका परीने मीच होते. तरी मला ती ओळखू आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचे जनरल रजिस्टर काढले. प्रवेशाच्या नोंदीत मातृभाषेचा रकाना असतो. तिच्या नावासमोर "कन्नड" असे लिहिले होते. अक्षर माझे होते. पहिलीच्या प्रवेशाचे काम त्या वर्षी माझ्याकडे होते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. ती टाळावी असे फार वाटले. या सर्वाच्या तीन महिने आधी पालकसभेत मी त्या मुलीच्या वडिलांना सांगितले होते की हिची गणितात गती नाही, पुढे फार अपेक्षा ठेवू नका, दहावीनंतर कला शाखेचा विचार करा. कला शाखा कमी दर्जाची असे मला म्हणावयाचे नाही; पण मी ते त्याच अर्थाने म्हटले होते आणि त्यांना ते त्याच अर्थाने समजले होते. ते दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जातात. गावात कानडी माध्यमाची शाळा असताना, पुढे नोकरीला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी मुद्दाम मुलीला मराठी शाळेत घातले होते.

मी त्यांच्या घरी गेले. काय बोलावे हे वाटेत अनेकदा ठरविले होते, पण तेथे गेल्यावर एवढेच म्हणता आले की मी तुमच्या मुलीविषयी जे सांगितले ते चुकीचे होते, चूक माझी होती. त्यांना ते नीट उमगले नाही. शिक्षिका घरी आली म्हणजे काही तक्रार असणार या धास्तीत ते होते. मी कानडीचा उल्लेख केला तेव्हा ते म्हणाले, "बाई, घरात आम्ही कानडीच बोलतो की. ते तर दाखल्यावर लिहिलंय." मुलीच्या आईने चहा आणला. मुलगी दाराआडून पाहत होती. तिच्याशी मी माझ्या मोडक्या कानडीत दोन वाक्ये बोलले, तेव्हा ती हसली. बहुधा माझ्या उच्चारांना.

त्याच सत्रात परीक्षेला बहुभाषिक वर्गावर प्रश्न आला होता. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये मुलांच्या विविध भाषा ही वर्गातील साधनसंपत्ती मानली आहे, यावर मी चार पाने लिहिली आणि मला चांगले गुण मिळाले. ते गुणपत्रक पाहताना आनंद झाला असे म्हणवत नाही.

यानंतर काय बदल केला हे विचाराल, तर तो सांगावयास अगदी लहान आणि करावयास विलक्षण कठीण होता. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजावयाचे आणि मगच तोंड उघडावयाचे. मुलाने उत्तर दिल्यावर पुन्हा तीन. बस. तीन सेकंद म्हणजे काय, असे आपणांस वाटेल. चाळीस डोळ्यांच्या जोड्यांसमोर उभे राहून एकदा गप्प राहून पाहा. पहिल्या आठवड्यात एका मुलाने काळजीने विचारले, "बाई, तुम्ही विसरलात का?" वर्ग हसला, मीही हसले. हुशार मुले चुळबुळ करू लागली; हात वर करून "मी, मी" चा गजर होई, आणि त्या गजरात इतरांचा विचार बुडून जाई. म्हणून तीन सेकंद हात वर करावयाचा नाही असा नियम करावा लागला. काही प्रश्नांना थांबण्यात अर्थ नसतो हेही कळले. सात आठे किती, याला थांबून काय मिळणार? मग माझ्या लक्षात आले की माझे निम्म्याहून अधिक प्रश्न याच जातीचे होते. थांबण्याच्या लायकीचे प्रश्न आधी तयार करावे लागणार होते. खरे काम तेथे सुरू झाले.

अभ्यासक्रम मागे पडला. दिवाळीपर्यंत मी दोन प्रकरणे मागे होते आणि केंद्राच्या बैठकीत मला त्याचा जाब द्यावा लागला. सातवीच्या त्या वर्गाचा निकाल उंचावला असे लिहावयास मला आवडले असते. तसा तो फारसा उंचावला नाही. लघुप्रबंधात मी ते जसेच्या तसे नोंदविले. ज्या नोंदी बदलल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या : पूर्वी एकदाही न बोललेली काही मुले बोलू लागली, उत्तरे एका शब्दावरून वाक्यावर आली, आणि "बाई, पण असे का?" हा प्रश्न वर्षभरात प्रथमच ध्वनिमुद्रणात ऐकू आला. ती मुलगी पहिली आली नाही. ती आता माध्यमिक शाळेत आहे. सातवीच्या अखेरीस तिने संख्यांची कानडी आणि मराठी नावे शेजारी शेजारी लिहिलेला एक तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावला होता. तो मी काढलेला नाही. पावणेदोनसमोर तिने एक छोटा उलटा बाण काढला आहे.

आता थोडे घरातले. दूरशिक्षणात घरी लिहून पाठवावयाच्या उत्तरांना "स्वाध्याय" म्हणतात. माझ्या सासूबाई रोज सकाळी मंदिरात स्वाध्यायाला बसतात. मी रात्री जागून "स्वाध्याय" पुरा करीत असल्याचे ऐकून त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारले, "कोणता ग्रंथ चालू आहे?" खुलासा झाल्यावर आम्ही दोघी हसलो. पण त्यांनी तेवढ्यावर सोडले नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत, ते त्यांनी बोटांवर मोजून दाखविले : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. वाचावे, विचारावे, मनात घोळवावे, शुद्ध पाठ करावा, मग इतरांना सांगावे. लहानपणी पाठशाळेत मी हे पाचही शब्द पाठ केले होते. ओढूनताणून संबंध जोडण्याची मला आवड नाही आणि सूत्रकारांच्या डोळ्यांसमोर सातवीचा गणिताचा तास नव्हता, हे उघड आहे. तरी त्या रात्री एक गोष्ट मला जाणवली : प्रश्न आणि पाठांतर यांच्या मध्ये अनुप्रेक्षेला जागा ठेवलेली आहे. मी 19 वर्षे पृच्छनेवरून थेट आम्नायावर उडी मारीत होते.

शेवटच्या सत्रात पुन्हा तोच प्रश्न आला, आपली व्यावसायिक उद्दिष्टे लिहा आणि पहिल्या लेखनाशी त्यांची तुलना करा. या वेळी 500 शब्द भरले नाहीत. मी लिहिले की मला दर वर्षी एका वर्गाचे आठ तास ध्वनिमुद्रित करून ऐकावयाचे आहेत. शाळेतील प्रत्येक मुलाची घरची भाषा मला पाठ असावी. आणि आठवड्याला थांबण्याजोगे पाच प्रश्न मी आधी लिहून काढावेत. सरांनी शेऱ्यात विचारले, "पद आणि श्रेणी यांचे काय झाले?" रास्त प्रश्न होता.

त्याचे उत्तर असे की त्यांचे काहीच झालेले नाही. केंद्रप्रमुखपदाच्या विभागीय परीक्षेचा अर्ज मी भरणार आहे. मैत्रिणींना मी सांगते की दहाबारा शाळांत गेले तर हे प्रतीक्षेचे काम अधिक वर्गांत नेता येईल, आमच्या सीमाभागातील कानडी घरांतल्या मुलांकडे लक्ष वेधता येईल. हे मला मनापासून वाटते. पण कधी कधी असेही वाटते की जुनीच इच्छा मी नव्या कारणांच्या वेष्टनात गुंडाळीत आहे. केंद्रप्रमुख झाल्यावर फळा सुटेल, आणि बैठका, अहवाल, माहितीचे तक्ते यांत मीही इतरांसारखीच घाईत बोलू लागेन, ही भीती आहे. यांतले खरे कोणते, हे मला अजून ठरविता आलेले नाही. अर्जाची तारीख अद्याप जाहीर व्हावयाची आहे, तोवर विचार करण्यास अवधी आहे.

तर भगिनी, "आणखी काय होणार?" या आपल्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच सांगण्यासारखे आहे. प्रवेश घ्यावयाचा ठरल्यास दोन सूचना मात्र अनुभवाने करते. संपर्कसत्रे बहुधा रविवारी असतात; घरच्यांना वर्षभराचे वेळापत्रक आधीच दाखवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पाहुणे आणि सत्र यांची गाठ पडणार नाही. आणि लघुप्रबंधाचा विषय निवडताना कारणांची यादी कराल, तेव्हा ती पेनाने न करता पेन्सिलीने करा. मला माझी पूर्ण खोडावी लागली होती.